नऊ आवाजांची पेटी: घरच्या गेमसाठी जुन्या साउंड कार्डचं संगीत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघा-तिघा मित्रांनी आट्यापाट्यांवर एक छोटा गेम केला. खेळला फार कुणी नाही. पण ज्यांनी खेळला त्यातल्या बहुतेकांनी एकच विचारलं: हे संगीत कशावर केलंय, अगदी जुन्या कॉम्प्युटरसारखं वाजतंय. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून कंटाळलो, म्हणून सगळं एका जागी आणलं. गेम प्रोग्रामिंगची तोंडओळख आणि पेटीवर सा-रे-ग-म वाजवण्याइतकं ज्ञान असलं की पुरे.

जुन्या साउंड कार्डचं संगीत म्हणजे नेमकं कोणतं? ‘८-बिट’ म्हणतात तेच ना?

नाही. आणि ही गल्लत पहिल्याच पायरीवर मिटवलेली बरी. ‘८-बिट’ म्हटलं की लोकांच्या कानात टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्याचा आवाज असतो, चौकोनी लाटांचा, पीं-पीं करणारा. आपण बोलतोय ते डॉसच्या काळातल्या पीसीच्या कार्डांबद्दल. १९८७ मध्ये कॅनडातल्या क्युबेकच्या ॲडलिब कंपनीने एक कार्ड काढलं. त्यावर यामाहाची वायएम३८१२ नावाची चिप होती, ती एफएम नावाच्या पद्धतीने आवाज घडवते आणि तिलाच सगळे ओपीएल२ म्हणतात. त्याआधी बहुतेक पीसींचा आवाज म्हणजे आतला स्पीकर, एका वेळी एक बीप. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर आणलं. तीच चिप, वर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायची सोय. १९९२ मध्ये ॲडलिब कंपनीचं दिवाळं निघालं, पण ‘ॲडलिबचा आवाज’ हा शब्द राहिला.

एफएम म्हणजे रेडिओवालं एफएम?

तत्त्व तेच, काम वेगळं. एक लांब स्वर धरा आणि तो किंचित वर-खाली हलवा. सावकाश हलवलात तर आंदोलन ऐकू येतं. हेच हलणं सेकंदाला शेकडो वेळा करायला लागलात की ते हलणं म्हणून ऐकूच येत नाही, स्वराचा रंग बदलतो. बासरीची घंटा होते, घंटेचा पत्रा होतो. अमेरिकेत स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग यांच्या कानाला हे १९६७ मध्ये सापडलं, ते नेमके असाच व्हायब्रेटो वाढवत असताना. त्यांचा लेख १९७३ चा. यामाहाने त्या तंत्राचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स७ हा कीबोर्ड काढला. त्यात एका स्वरामागे सहा ऑपरेटर, म्हणजे लाट काढणारे घटक, होते. आपल्या गरीब ओपीएल२ मध्ये दोन. एक हलवणारा, तो मॉड्युलेटर. एक हलणारा, तो कॅरियर. कानाला जातो तो कॅरियर.

या चिपमध्ये एकूण मिळतं तरी काय?

नऊ चॅनल, म्हणजे एका वेळी नऊ स्वर. प्रत्येकाला दोन ऑपरेटर, लाटेचे चार आकार. स्टिरिओ नाही. हवं तर शेवटचे तीन चॅनल मोडून त्यांची पाच तालवाद्यं करता येतात, मग सहा स्वर आणि पाच ठोके असे अकरा होतात. पुढची ओपीएल३ चिप, वायएमएफ२६२, हिच्यात सगळं दुप्पट: अठरा चॅनल, छत्तीस ऑपरेटर, आठ आकार, शिवाय डावं-उजवं. सहा चॅनल चार-चार ऑपरेटरचे करता येतात. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ वर हीच होती.

सुरुवात ओपीएल२ वर करा. अठरा चॅनल हाती आले की माणूस उधळतो.

तयार मिडी फाइल (नुसते स्वर आणि त्यांच्या वेळा साठवणारी) घेऊन तिला जुन्या आवाजाचा साउंडफाँट (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचा संच) लावला तर नाही का चालणार?

चालेल. आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्या मिनिटाला कळेल.

कारण त्या संगीताचा आवाज चिपमधून जितका येतो तितकाच टंचाईतून येतो. साउंडफाँटवर तुम्ही चाळीस स्वर एकदम धरू शकता. चिपवर दहावा स्वर आला की आधीच्या नऊपैकी एकाचा गळा दाबावाच लागतो. म्हणून त्या काळचे लोक पुष्कळदा पूर्ण कॉर्ड न धरता तीन स्वर एकाच चॅनलवर भराभर फिरवत. घुमारा हवा असेल तर इफेक्टचं बटण नव्हतंच. तीच चाल दुसऱ्या चॅनलवर थोडी उशिरा आणि थोडी हळू वाजवायची, झाला घुमारा. त्यात एक चॅनल गोळ्यांच्या आणि दारांच्या आवाजासाठी राखून ठेवायचा. १९९२ च्या वुल्फेनस्टाइन ३डी या गेममध्ये पहिला चॅनल असाच राखलेला होता, संगीताने त्याला हात लावायचा नाही.

आमच्या गेमचं पहिलं गाणं मी आधी नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये मनासारखं बांधलं, सोळा ट्रॅक, आणि मग ते चिपवर ‘उतरवायला’ बसलो. तीन आठवडे गेले आणि हाती लागला तो आजारी माणसाचा वाद्यवृंद. शेवटी सगळं पुसून कागदावर नऊ रेघा मारल्या आणि कोणत्या रेघेवर काय, हे आधी ठरवलं. दोन चालीला, एक खर्जाला, दोन तंबोऱ्याला, एक खेळातल्या आवाजांना, उरलेले तीन मोडून तालाला. गाणं चार संध्याकाळीत झालं. तेव्हा बंधन आधी घाला. नंतर चढवलेला जुनेपणा रंगवलेल्या पितळेसारखा दिसतो.

कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

फर्नेस. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं, ओपीएल, ओपीएल२, ओपीएल३ तिन्ही चिपा त्यात आहेत आणि चिपेला गेलेल्या आज्ञा व्हीजीएम फाइलमध्ये काढून देतं. ॲडलिब ट्रॅकर २ हे खास याच कामासाठीचं, दिसायला थेट डॉससारखं. ओपनएमपीटीमध्येही एस३एम प्रकारच्या फाइलीत ओपीएलची वाद्यं घालता येतात.

तिन्ही ट्रॅकर आहेत. वेळ वरून खाली वाहते, प्रत्येक चॅनलचा एक उभा रकाना. तबल्याचे बोल वहीत मात्रेमात्रेने लिहिले असतील तर तुम्हाला हे पियानोच्या पट्ट्यांपेक्षा सोपं जाईल. सोळा ओळींचा पॅटर्न घ्या, चार-चार ओळींचा विभाग पाडा, तीनताल समोर उभा राहतो. झपतालाला दहा ओळी. कोणी अडवत नाही.

ट्रॅकर नको, थेट कोडमधून एक स्वर काढून दाखवा.

आनंदाने. चिपशी बोलायचं म्हणजे रजिस्टरचा, म्हणजे चिपेतल्या एका कप्प्याचा, नंबर सांगायचा आणि त्यात एक बाइट टाकायचा. खऱ्या पीसीवर नंबर पोर्ट ३८८ ला जातो, बाइट ३८९ ला. इम्युलेटरमध्ये, म्हणजे चिपेची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, हेच एक फंक्शन असतं. हे पोर्टचे आणि खालच्या यादीतले सगळे आकडे हेक्समध्ये आहेत, डावीकडे रजिस्टर, उजवीकडे बाइट:

२० → ०१
४० → १०
६० → एफ०
८० → ७७
२३ → ०१
४३ → ००
६३ → एफ०
८३ → ७७
ए० → ४४
बी० → ३२

पहिल्या चार ओळी मॉड्युलेटरच्या, पुढच्या चार कॅरियरच्या. २० च्या घरात पट, म्हणजे मूळ स्वराच्या कितीपट वेगाने हलायचं. ४० च्या घरात आवाजाची पातळी. ६० मध्ये अटॅक (स्वर किती झटकन चढतो) आणि डिके (मग किती झटकन उतरतो), ८० मध्ये सस्टेन (कुठल्या पातळीवर टिकतो) आणि रिलीज (सोडल्यावर कसा विरतो). शेवटच्या दोन ओळींत स्वर.

तो स्वर कसा निघाला ते पाहा. हवी ती वारंवारता घ्यायची, तिला २ च्या (२० वजा ब्लॉक) घाताने गुणायचं आणि ४९७१६ ने भागायचं. ब्लॉक म्हणजे साधारण सप्तक. ४४० हर्ट्झ, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. ब्लॉक ४ धरला तर ४४० गुणिले ६५५३६ भागिले ४९७१६, उत्तर ५८०, यालाच एफ-नंबर म्हणतात. हेक्समध्ये २४४. त्यातले शेवटचे दोन अंक, ४४, ए० मध्ये गेले. उरलेले २, ब्लॉक ४ आणि ‘वाज’ म्हणणारा बिट मिळून ३२ झाले, ते बी० मध्ये. थांबवायचं असेल तर बी० मध्ये १२ टाका, वाजण्याचा बिट उतरतो आणि रिलीज सुरू होतो.

आणि ४९७१६ हा आकडा आला कुठून? पीसीच्या बसवर १४.३१८ मेगाहर्ट्झचा एक ठोका असतो. त्याचा चौथा भाग ३.५७९५, अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीसाठी ठरलेली वारंवारता. तिला ७२ ने भागलं की ४९७१६. चिप सेकंदाला इतके नमुने बाहेर टाकते. तुमच्या गेमचा आवाज ४४१०० किंवा ४८००० वर चालत असणार, तेव्हा मध्ये नीट रीसॅम्पलिंग करा. नमुने नुसते गाळून टाकलेत तर वरच्या स्वरांत शिट्टीसारखा कचरा येतो.

सगळं बरोबर लिहिलंय, तरी आवाजच येत नाही!

सर्वात जास्त आलेला प्रश्न हाच. यातल्या प्रत्येक खड्ड्यात मी स्वतः पडलोय.

४० च्या घरातला आकडा उलटा चालतो. ० म्हणजे पूर्ण आवाज, ६३ (हा साधा आकडा, हेक्समध्ये ३एफ) म्हणजे जवळजवळ शांत. मोठा आवाज हवा म्हणून ६३ टाकणारे तुम्ही पहिले नाही. सस्टेनचंही तसंच: ० वरचा, १५ खालचा.

ऑपरेटर ओळीने लागत नाहीत. पहिल्या चॅनलचे ०० आणि ०३, दुसऱ्याचे ०१ आणि ०४, तिसऱ्याचे ०२ आणि ०५. मग ०६, ०७ वगळून चौथा थेट ०८ आणि ०बी वर. मी बेधडक ००-०१, ०२-०३ असं धरलं होतं. आवाज येत होता, पण पहिल्या चॅनलची पेटी दुसऱ्याच्या ढोलात मिसळून. दोन दिवस मी इम्युलेटरच्या नावाने बोटं मोडली.

ओपीएल२ वर साइनखेरीज दुसरा आकार हवा असेल तर आधी रजिस्टर ०१ मध्ये २० टाकावं लागतं. नाही टाकलं तर चिप तुमचं ऐकून घेते आणि साइनच वाजवते.

ओपीएल३ नव्या पद्धतीत चालू केलीत की सी० च्या घरातले डावं आणि उजवं हे दोन बिट चढवायलाच हवेत. नाही चढवले तर स्वर आत वाजतो आणि बाहेर चिडीचूप. यात माझा अख्खा रविवार गेला.

आणि तोच स्वर लगेच पुन्हा वाजवायचा असेल, ताशाच्या तडतडीसाठी वगैरे, तर ‘थांब’ आणि ‘वाज’ एकाच क्षणी पाठवू नका. मध्ये निदान एक नमुना जाऊ द्या, नाहीतर थांबल्याचं चिपेला समजतच नाही.

इम्युलेटर कुठला चांगला?

न्यूक्ड ओपीएल३. यामाहाच्या चिपेचं टरफल काढून आतल्या सिलिकॉनचे जे फोटो काढले गेले, त्यांच्या अभ्यासावर तो उभा आहे आणि फरक ऐकू येण्याजोगा राहिलेला नाही. परवाना एलजीपीएल, त्याच्या अटी वाचा. गेमचा कोड बंद ठेवायचा असेल तर वायएमएफएम बघा, तो बीएसडी परवान्यावर आहे.

गेममध्ये इम्युलेटर बसवू की गाणं रेकॉर्ड करून ओजीजी फाइल टाकू?

पहिलाच गेम असेल तर रेकॉर्ड करा आणि सुटा. गोडो असो वा दुसरं गेम इंजिन, ओजीजी बहुतेक ठिकाणी वाजते. एमपी३ मात्र घेऊ नका. तिच्या दोन्ही टोकांना रिकामी जागा चिकटते आणि गाणं फिरून सुरू होताना उचकी लागते.

पण इम्युलेटर आत बसवण्याची मजा वेगळी. तीन मिनिटांचं स्टिरिओ गाणं कच्च्या स्वरूपात जवळजवळ ३२ एमबी होतं, ओजीजीत तीनेक एमबी. तेच चिपेच्या आज्ञांच्या रूपात ठेवलं तर केबीत मावतं. आणि खरा फायदा जागेचा नाहीच. संगीत जिवंत राहतं. आमच्या गेममध्ये गडी सूरपाटी ओलांडायला लागला की तंबोऱ्याचा मॉड्युलेटर हळूहळू चढतो आणि आवाज धारदार होत जातो. एक रजिस्टर, एक आकडा. ओजीजीला हे सांगून पाहा.

पेटी, तंबोरा, ढोल, लेझीम असले आपले आवाज निघतात का?

निघतात, आणि पेटी तर इतकी सहज निघते की चिप जणू तिच्यासाठीच केली होती. सी० मध्ये ०१ टाकलं की दोन्ही ऑपरेटर एकमेकांना हलवायचं सोडून शेजारी उभे राहून वाजतात. एकाचा पट १, दुसऱ्याचा २, म्हणजे नर आणि वरचा सूर. दुसरा थोडा हळू ठेवा. सस्टेन धरून ठेवणारा बिट दोघांना चढवा, म्हणजे बोट असेपर्यंत स्वर राहतो. अटॅक पूर्ण १५ नको, ६-७ च्या आसपास ठेवा, भात्याची हवा भरल्यासारखं वाटतं. लाट अर्ध्या साइनची घेतलीत तर आणखी बरं.

तंबोऱ्याला जवारी हवी. ती मॉड्युलेटरच्या अटॅकमध्ये सापडते. मॉड्युलेटरला कॅरियरपेक्षा सावकाश अटॅक द्या, म्हणजे तार छेडल्यावर आधी गोल आवाज येतो आणि मग झणझण फुलते. फीडबॅक, म्हणजे मॉड्युलेटरने स्वतःलाच हलवणं, ३-४ पुरे. चार तारांना चार चॅनल देण्याची चैन परवडत नाही. दोनच घ्या आणि आलटून पालटून छेडा, आधीची तार विरत असताना दुसरी लागते.

ढोल म्हणजे पडणारा स्वर. कॅरियर खर्जात, अटॅक १५, आणि ठोका पडल्यापासून पुढचे काही टिक (वेळेचे छोटे तुकडे) एफ-नंबर भराभर खाली आणायचा. जितका जास्त पडेल तितका ढोल मोठा वाटतो. बाया याच युक्तीने होतो, फक्त त्याचा स्वर सुरुवातीला जरा वर चढवून मग सोडायचा, मनगट दाबल्यासारखा.

लेझमीने मात्र मला रडवलं. तालाच्या पद्धतीत, म्हणजे रजिस्टर बीडी मध्ये २० चा बिट चढवल्यावर, हाय-हॅट आणि झांज असे दोन खरखरीत आवाज मिळतात. पहिले कित्येक दिवस माझी लेझीम म्हणजे स्टोव्हवर पाणी सांडल्याचा आवाज होता. मग लक्षात आलं की ही खरखर निव्वळ खरखर नाही, आठव्या आणि नवव्या चॅनलच्या स्वरांतून ती विणली जाते. त्या दोन चॅनलचे एफ-नंबर बदलले की धातूचा पोत बदलतो. मी दोन्ही बरेच वर नेले, डिके आखूड केला, आणि एका ठोक्याऐवजी दोन ठोके दिले, पहिला हळू, दुसरा जोरात: छ-छक. शाळेच्या मैदानातली लेझीम अशीच वाजायची, चकत्या आधी सैल हलतात आणि मग एकदम आपटतात.

सनई अजून जमलेली नाही. जमते ती पिपाणी.

रागाचे नेमके स्वर लावता येतात? मींड?

चिपेला पांढरी-काळी काही ठाऊक नाही, तिला फक्त आकडे कळतात. म्हणूनच हे तिच्यावर पेटीपेक्षा सोपं आहे. काळी एकचा सा घ्या, २७७.१८ हर्ट्झ. ब्लॉक ३ मध्ये त्याचा एफ-नंबर ७३१. पेटीचा शुद्ध गंधार ९२१ वर येतो, पण तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार, साच्या सव्वापट, येतो ९१३ वर. आकड्यांत आठाचा फरक, कानाला भूपाचा. दोन्ही लागोपाठ तंबोऱ्यावर वाजवून बघा, ९२१ किती चढा लागतो ते लगेच समजेल.

मींड म्हणजे एफ-नंबर एका आकड्यावरून दुसऱ्यावर पायरीपायरीने नेणं. इथे एक अडचण आहे. एफ-नंबर १०२३ च्या पुढे जात नाही. ब्लॉक ३ मध्ये पंचम १०९६ वर पडेल, म्हणजे बसतच नाही, ब्लॉक ४ मध्ये ५४८ करावा लागतो. आणि ए० आणि बी० ही दोन वेगळी रजिस्टरं असल्यामुळे ब्लॉक बदलताना एक क्षणभर जुना ब्लॉक आणि नवा आकडा अशी जोडी जमते, ‘टिक्’ होतं. उपाय असा की मींडेच्या आधीच सा ब्लॉक ४ मध्ये घ्यायचा: सा ३६५, ग ४५७, प ५४८. पायऱ्या जरा जाड होतात, पण वेगात कळत नाहीत. ठाय लयीत एकच स्वर लांब धरायचा असेल तेव्हा ब्लॉक ३ चा बारीकपणा वापरा.

चिपेचा स्वतःचा व्हायब्रेटो वापरू नका. त्याचा वेग ठरलेला आणि सगळ्या चॅनलना तोच, त्यामुळे सगळे गायक एकाच थंडीने कुडकुडल्यासारखे वाटतात. दरबारीचं आंदोलन स्वतःच्या कोडने द्या.

आज्ञा साठवायच्या कुठल्या स्वरूपात?

व्हीजीएम वापरा, तिच्यासाठी तयार प्लेअर पुष्कळ आहेत. स्वतः काही लिहायची हौस असेल तर आयएमएफ बघा, इतकं साधं स्वरूप दुसरं नाही. प्रत्येक नोंद चार बाइटची: एक रजिस्टरचा, एक त्यात टाकायचा, दोन थांबण्याचे. वुल्फेनस्टाइन ३डी मध्ये थांबण्याचं माप सेकंदाला ७०० टिक होतं, कमांडर कीन या गेममध्ये ५६०. प्लेअर पन्नास ओळींत होतो. फक्त टिक गेमच्या फ्रेमवरून मोजू नका, बाहेर पडलेल्या नमुन्यांवरून मोजा. नाहीतर पडद्यावर गर्दी झाली की तालही अडखळतो.

जुन्या गेममधली वाद्यं काढून घेतली तर?

शिकायला जरूर उघडून बघा. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) गेम चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ७ दाबलं की चिपेला जाणाऱ्या आज्ञा डीआरओ फाइलमध्ये उतरतात, त्यावरून कुठल्या वाद्याला काय आकडे दिलेत ते दिसतं. त्या काळच्या लोकांनी किती कमी चॅनलमध्ये किती भरलंय ते पाहून थक्क व्हाल. पण चाल आणि फाइल तशीच्या तशी उचलून आपल्या गेममध्ये टाकू नका. हक्क अजून कुणाचे ना कुणाचे आहेत. डूममध्ये ओपीएलसाठी १७५ वाद्यांचा एक संच आहे, तोही ‘छोटासाच तर आहे’ म्हणून ढापू नये. स्वतःची आठ वाद्यं बांधा, एका गेमला तेवढी लागतात.

खरं कार्ड मिळालं तर घेऊ का? पुण्यात जुन्या बाजारात ढिगाने दिसतात.

ढीग असतो, पण त्यात पाहिजे ते असतंच असं नाही. कार्ड उलटंसुलटं करून यामाहाची चिप आणि तिच्यावरचा आकडा शोधा: वायएमएफ२६२ असेल तर घ्या, वायएमएफ७१८ किंवा ७१९ असेल तरी घ्या. ईएसएसची ईएस१८६८ किंवा १८६९ चिपही वाईट नाही, तिच्यात त्यांचं स्वतःचं एफएम आहे. साउंड ब्लास्टरचं नाव बघून भुलू नका. नंतरच्या बऱ्याच कार्डांवर यामाहाऐवजी क्रिएटिव्हची सीक्यूएम नावाची नक्कल आहे आणि तिची घंटा वेगळी वाजते. मी एकदा अशीच नुसती खोक्यावरची अक्षरं वाचून पैसे मोजले. विकणारा म्हणाला, ‘साहेब, चालू आहे.’ चालू होतंच ते. फक्त त्यात ओपीएल नव्हतं.

शिवाय कार्ड घेतलंत तरी आयएसए स्लॉट, म्हणजे असली जुनी कार्डं बसवायची खाच, असलेला मदरबोर्ड लागेल. तो शोधणं हा वेगळाच छंद. त्यापेक्षा सुटी वायएम३८१२ आणि तिचे आकडे आवाजात बदलायला सोबत लागणारी वायएम३०१४ घेऊन त्या अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडणारे बरेच आहेत. तिथेही जपून, जुन्या चिपा घासून त्यांच्यावर नवं नाव छापणारे बसलेले आहेत. गंमत म्हणजे सुरुवातीच्या ॲडलिब कार्डांवर कंपनीनेच चिपेवरचं नाव खरवडून टाकलं होतं, कोणी नक्कल करू नये म्हणून.

एमटी-३२ चं काय?

रोलँडचं १९८७ चं यंत्र. आवाज फार देखणा, पण त्याची रीत वेगळी, एफएम नव्हे. मंट नावाचा इम्युलेटर आहे. त्याला मूळ यंत्राच्या रॉम (आतल्या चिपांतला कोड आणि आवाज) लागतात आणि त्या फुकट वाटायच्या नसतात. हा विषय या पानात बसत नाही.

ब्राउझरमध्ये चालेल का?

चालतं. इम्युलेटर वेबअसेंब्लीत बांधायचा आणि ऑडिओ वर्कलेटमध्ये (ब्राउझरची स्वतःच्या कोडने आवाज काढायची सोय) वाजवायचा. तो एका वेळी १२८ नमुने मागतो. आणि खेळणाऱ्याने एकदा क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरूच होऊ देत नाही, म्हणून सुरुवातीला ‘खेळा’ असं एक बटण ठेवा.

गाणं जुळलं, पण कर्कश वाटतं. घरचे दार लावून घ्यायला सांगतात.

आधी मॉड्युलेटरची पातळी बघा, कॅरियरची नव्हे. ४० च्या घरात एक पायरी म्हणजे पाऊण डेसिबल. चार-सहा पायऱ्या आकडा वाढवा, स्वराचा काटा बोथट होतो. मग फीडबॅक एकेक करून कमी करा. ७ वर चालीचं वाद्य ठेवलं असेल तर दोष घरच्यांचा नाही. वरच्या सप्तकात जास्त टोचत असेल तर त्याच ४० च्या घरात वरचे दोन बिट आहेत, स्वर चढेल तसा आवाज उतरवणारे. मॉड्युलेटरला ते लावले की वरचा षड्ज मवाळ होतो आणि खर्ज तसाच राहतो.

शेवटी बाहेर पडताना एक हलका लो-पास, म्हणजे वरची धार कापणारा फिल्टर, लावा. खऱ्या कार्डावरही चिपेच्या पुढे ॲनालॉग सर्किट होतंच, त्यात वरची धार थोडी मरायची. कॅसेटची खरखर किंवा पट्ट्याची घरघर मात्र घालू नका. ॲडलिबला ती कधीच नव्हती. आणि गाणं ऐकताना हेडफोन काढून ठेवा, शंभर-दीडशे रुपयांच्या प्लॅस्टिकच्या स्पीकरवर ऐका. आमचा ढोल हेडफोनवर दणदणीत होता आणि स्पीकरवर गायब. मग मॉड्युलेटरचा पट १ चा २ केला, तेव्हा कुठे तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला. दार लावून घ्यायला सांगितलं ते त्याच दिवशी.